बुंध्याला माती

झाडाभोवतीच्या पेटीची पहिली फळी निघेना, तेव्हा सुताराने पहारीखाली विटेचा तुकडा सरकवला आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. फळी करकरली, पण जागची हलली नाही. त्याने पहार बाजूला ठेवली आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. सांधा त्याचाच होता. दुसऱ्या कुणाचा असता तर त्याने दोन शिव्या हासडून सरळ कुऱ्हाड घातली असती. इथे त्याने पिशवीतून पटाशी काढली आणि लाकडी खुंटीभोवती हळूहळू कोरायला घेतलं.

पेटीच्या पलीकडच्या अंगाला माळी फावड्याने माती उपसत होता. मध्ये झाड असल्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड बघावं लागत नव्हतं. फावड्याचा आवाज थांबला की पटाशीचा चालू व्हायचा. जणू आवाजांनीसुद्धा एकमेकांत मिसळायचं नाही असं ठरवलं होतं.

भिंतीलगत झाड तोडणारी दोन माणसं दोर आणि यंत्राची करवत पायाशी ठेवून चहा पीत बसली होती. पेटी निघाल्याशिवाय बुंध्याला करवत लावता येणार नव्हती, आणि पेटी काही निघायचं नाव घेत नव्हती. त्यातला एक म्हणालाच, की फुलं लावायला एवढं पक्कं काम कोण करतं, राहायला जायचं होतं का आत? सुताराने मान वर केली नाही. शेवटी तो माणूस कंटाळून उठला, आणि तोवर वरच्या वाळक्या फांद्या तरी उतरवतो म्हणून कमरेला दोर बांधून झाडावर चढला.

शाळेला सुट्टी होती. प्रयोगशाळेच्या पायरीवर सुताराची बायको उभी होती. ती तिथे काचसामान धुवायचं काम करायची, म्हणून मुलं तिला काचताई म्हणायची. तिच्या हातात एक चंचुपात्र होतं, केव्हाच कोरडं झालेलं, तरी ती ते फडक्याने पुसतच होती. माळी तिचा सख्खा थोरला भाऊ. झाड कशाने मेलं, हे आता सगळ्या शाळेला कळलं होतं. कुणामुळे मेलं, हे फक्त तिला ठाऊक होतं.

एके काळी माळ्याचं आणि सुताराचं इतकं गूळपीठ होतं की लोक त्यांना जुळे म्हणायचे. माळ्यानेच आपल्या ह्या मित्राला घरी आणलं, बहिणीला दाखवलं, लग्न जमवलं. शाळेतली नोकरीही त्यानेच शब्द टाकून मिळवून दिली. मग एका दारावरून बिनसलं.

दार माळ्याच्या नव्या घराचं. सुताराने करून दिलं होतं, तेही असं की बंद केल्यावर उजेडाची रेघसुद्धा आत येईल तर शपथ. फट म्हणजे त्याला शिवी वाटायची. पहिल्याच ओल्या दिवसांत दार फुगलं आणि चौकटीत रुतून बसलं. माळ्याने काही दिवस खांदे मारून बघितले, मग कुणाचा तरी रंधा मागून आणला आणि कड तासली. तासली तीही धड नाही. सुतार आला, त्याने ती ओबडधोबड कड पाहिली आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या कामाला हात लावायच्या आधी मला एक हाक मारायला काय धाड भरली होती, म्हणाला. माळी म्हणाला, तू दारं करतोस की सापळे? त्यावर सुतार म्हणाला, की माळ्याने माती उकरावी, लाकडात नाक खुपसू नये. पुढे आणखी बरंच काही बोललं गेलं, आणि विसरून जायचं सोडून दोघांनीही ते नीट जपून ठेवलं.

तेव्हापासून अबोला. आता अबोला धरायचाच तर माणसाने एकमेकांपासून लांब तरी राहावं. ह्यांचं तेही नव्हतं. एकाच फाटकातून यायचं, एकाच आवारात राबायचं, आणि जेवायचं एकाच बाईच्या हातचं. माळ्याची बायको लवकर गेली होती, मुलगी लग्न होऊन परगावी, त्यामुळे त्याचा डबाही बहीणच आणायची. दुपारी तिघं ह्या झाडाखाली बसायची. झाड अवाढव्य. त्याचं नाव काय ह्यावर माळ्याचं आणि विज्ञानाच्या बाईंचं कधी एकमत झालं नाही, पण त्याच्या बुंध्याला टेकून चार माणसं चार दिशांना तोंडं करून आरामात बसली असती. नवरा एका बाजूला टेकायचा, भाऊ बरोबर त्याच्या पाठीमागे, आणि दोन्हीकडे हात पोचेल अशी ती मध्ये. जेवताना बोलायची ती एकटी. दोघं ऐकायचे. कधीतरी तिने काही गमतीचं सांगितलं की बुंध्याच्या दोन्ही बाजूंनी एकदमच हसू फुटायचं, आणि लगेच दोन्ही बाजू चूप व्हायच्या.

तेवढ्या हसण्यावर तिने कितीतरी वर्षं काढली.

निरोपांची वेळ वेगळी होती. भाऊ सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन सांगायचा, नवरा घरी. शिडी कुठाय, पाण्याची नळी कुणी उचलली, कार्यशाळेसमोरचा खड्डा कधी बुजवणार. असल्या साध्या गोष्टी, पण प्रत्येकीच्या शेपटीला एक काटा असायचाच. "त्याला सांग, शिडी वापरून झाली की जागेवर ठेवायची असते, ती काही त्याला आंदण दिलेली नाही." ती घरी येऊन म्हणायची, दादाला शिडी लागणार आहे, तुमची झाली की द्या म्हणाला. काटा मधल्या वाटेत कुठेतरी पडून गेलेला असायचा.

पुढे पुढे ती नुसते काटे काढेना, पदरचं घालायलाही लागली. दादा म्हणत होता, दुरुस्त केलेले बाक चांगले मजबूत झालेत हं. दादा असलं काही म्हणालेला नसायचा. नवरा हूं की चूं करायचा नाही, पण त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचा. मग दुसऱ्या दिवशी भावाला सांगायची, हे म्हणत होते, तू लावलेल्या वेलीने फाटकाची शोभा वाढली. भाऊ म्हणायचा, "त्याला कळतं होय?" आणि दिवसभर फाटकाशी घुटमळत राहायचा. ह्यात काही वाईट आहे असं तिला कधी वाटलं नाही. दोन माणसं निदान शेजारी बसून जेवत होती, दुसरं काय हवं होतं?

मग पेटीचं काम निघालं. झाडाच्या मुळांना अडखळून मुलं पडायची, आणि शाळेचा मोठा कार्यक्रम जवळ आला होता. मोठ्या बाईंनी सुताराला बोलावून सांगितलं, की झाडाभोवती लाकडाची छानशी पेटी करा, आत माती भरून फुलं लावू, आणि काठ रुंद ठेवा म्हणजे मुलांना बसता येईल. इतकी वर्षं सुतार मोडलेल्या बाकांचे पायच बसवत आला होता. काहीतरी नवं कर, असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं. त्या दिवशी तो घरी आला तो शीळ घालतच. बायकोने आधी शेजारच्या घरात कोण आलंय म्हणून खिडकीतून डोकावून पाहिलं.

त्याने जुन्या सभागृहाच्या काढून टाकलेल्या तुळया चिरवून फळ्या केल्या. बुंध्याभोवती दोरी फिरवून मापं घेतली आणि कार्यशाळेच्या फरशीवर खडूने आठ बाजूंची आकृती काढली. शिपाई, शिक्षक, येणारा जाणारा जो तो तिला वळसा घालून जायचा, आणि कुणाचा पाय खडूला लागला की तो नुसतं बघायचा. बघणं पुरेसं व्हायचं. खिळा एकही मारायचा नाही असं त्याने ठरवलं होतं. सगळे सांधे एकमेकांत अडकणारे, वरून खुंट्या. काठ इतका घासला की त्यावर हात ठेवला तर उचलावासा वाटू नये. आणि आतल्या बाजूने त्याने प्रत्येक फळीला डांबर फासलं, त्यावर जाड प्लास्टिक लावलं.

"ओली माती लाकडाला सतत लागून राहिली की ते कुजतंच," तो हातातला ब्रश निथळत बायकोला म्हणाला. "आतून जपायला हवं."

ती म्हणाली, हो. तिच्याही डोक्यात तेव्हा काही आलं नाही.

पेटी पूर्ण झाली त्या सकाळी भाऊ खिडकीशी आला तो खांद्याला पिशवी अडकवून. मुलीचे दिवस भरत आले होते, तो तिच्याकडे निघाला होता. घाईत होता, तरी थांबला.

"त्याला सांग," तो म्हणाला, "बुंध्याला माती लागता कामा नये. खोडापासून हातभर अंतर सोडून आतून दुसरी भिंत घाल म्हणावं, आणि माती त्या दोन भिंतींच्या मध्ये भरायची. तीही वीतभर, जास्त नाही. खोड जमिनीत शिरतं ना, त्या जागेला वारा लागतो. ते गाडलं की झाड गेलं. आज नाही जाणार, उद्या नाही, पण जाणार."

"सांगते."

"आणि हेही सांग, की झाड मेलं, त्याचं लाकूड झालं की मगच तो ते ओळखतो. जिवंत असताना त्याला काय लागतं ते मला विचारावं."

तो गेला. ती हात पुसून बाहेर आली. निरोपाची शेपटी तिने दारातच तोडून टाकली होती आणि उरलेला कसा सांगायचा ह्याची मनात जुळवाजुळव करत ती झाडापाशी पोचली. नवऱ्याने तिला कोपऱ्याशी बोलावलं. सांध्यात नख घालून बघ, म्हणाला. तिने घालून पाहिलं. नख शिरलं नाही. तो उभा होता, शर्टाला भुसा, भुवयांवर भुसा, आणि चेहरा असा की लग्नाच्या दिवशीसुद्धा तिने तो तसा पाहिला नव्हता.

"दादाने पाहिली का?" त्याने विचारलं. "काय म्हणाला?"

इतक्या वर्षांत त्याने आपण होऊन हे कधी विचारलं नव्हतं. दादा, असंही म्हणाला नव्हता. बोलायचा ते 'तुझा भाऊ' म्हणून. आता ह्या माणसाला सांगायचं, की दादा म्हणतो आतून आणखी एक भिंत घाल, तुझं चुकलंय?

"चांगली झालीय म्हणाला," ती म्हणाली.

"म्हणाला?"

"हो. फार चांगली झालीय म्हणाला."

सुताराने बाहीने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, "परत आला की सांग त्याला. त्याच्या त्या दाराचं एकदा बघून देतो. कड नवी बसवायला लागेल."

ज्याची तिने इतकी वर्षं वाट पाहिली ते असं भुसा झटकता झटकता समोर येऊन उभं राहिलं होतं. भिंतीचं संध्याकाळी सांगू, तिने ठरवलं, चहा वगैरे झाल्यावर, गोडीत. संध्याकाळी तो दाराला कुठलं लाकूड वापरायचं ते बोलत बसला, तेव्हा मनाशी म्हणाली, उद्या. दुसऱ्या दिवशी ती कामावर पोचली तेव्हा मातीचा ट्रक येऊन गेला होता. मोठ्या बाईंना उत्साह फार. मजुरांनी पेटी काठोकाठ भरली होती आणि मुलं एकेक रोप हातात धरून रांगेत उभी होती. फोटो काढणारा सगळ्यांना हसा म्हणत होता. तिला वाटलं, एवढं प्रचंड झाड, त्याला ओंजळभर मातीने काय होणार.

भाऊ आजोबा होऊन परतला. फाटकातून आत आला, पेटीपाशी थांबला, मातीत बोटं खुपसली. मनगटापर्यंत हात आत गेला. मग तो खिडकीशी आला. पेढे नाहीत की काही नाही, नातीचं नावसुद्धा आधी सांगितलं नाही.

"निरोप सांगितला होतास?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण मग त्याने विचारलं असतं, का नाही सांगितलास? आणि एक धागा ओढला की सगळं विणकाम उसवलं असतं, शिडीपासून वेलीपर्यंत.

"सांगितला होता," ती म्हणाली.

"मग झालं," भाऊ म्हणाला.

दाराचं तिने तेव्हाच सांगितलं, गडबडीने, झाकपाक केल्यासारखं. भाऊ हसला. माझं दार आहे तसं राहू दे, म्हणाला. मोठ्या बाईंना त्याने माती काढायला हवी असं एकदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, मुलांनी हाताने लावलीत हो रोपं, बघू पुढे. पुन्हा तो बोलला नाही. बोलून काय उपयोग, ज्याने ऐकायचं त्याने ऐकलं नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. दुपारी डबा तो अवजारांच्या खोलीत घेऊन जायला लागला. सुताराने काही दिवस रुंद काठावर पलीकडची जागा पुसून ठेवली. मग एकदा म्हणाला, "मी एक पाऊल पुढे टाकलं होतं. तू साक्षीला आहेस." तिने मान हलवली. दादाला हल्ली जेवायला वेळच होत नाही, असं काहीतरी ती पुटपुटली.

पहिल्या वर्षी फुलं इतकी आली की बाहेरची माणसं बघायला यायची. पुढच्या वर्षी झाडाची पानं लहान निघाली. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, यंदा हवाच तशी आहे. मग शेंड्याच्या फांद्या उघड्या पडल्या, आणि खोडावर मातीच्या जरा वर भूछत्रं उगवली, पिवळी, ओळीने. मुलांना ती फार आवडली. काचताई मात्र झाडाजवळून जाताना पायाखाली बघायला शिकली. सांगून टाकावं असं रोज वाटायचं, आणि रोज कालच्यापेक्षा ते अवघड झालेलं असायचं. एकदा सगळे घरी गेल्यावर तिने काचेच्या बरण्या भरायच्या छोट्या फावडीने बुंध्याजवळची माती बाजूला करायचा प्रयत्नही केला. वीतभर खणली असेल. तेवढ्यात पहारेकरी आला आणि ताई काय हरवलं, म्हणून शोधू लागला. अंगठी, असं सांगून ती त्याच्याबरोबर अंगठी शोधत बसली.

ह्या वर्षी एका रविवारी एक फांदी कोसळली. आवार रिकामं होतं म्हणून निभावलं. झाडांच्या खात्यातला माणूस आला, त्याने सळई खुपसली, आणि एवढी माती इथवर कुणी चढवली, असं विचारलं. मोठ्या बाईंनी सुताराकडे पाहिलं. सुताराने कुणाकडे पाहिलं नाही.

घरी येऊन तो म्हणाला, "तुझा भाऊ माळी आहे ना? रोज त्या झाडावरून जायचा. त्याला कळत नव्हतं? पण तोंडातून एक शब्द काढला नाही. झाड मेलं तरी चालेल, मी तोंडघशी पडलो पाहिजे."

तिकडे भाऊही खिडकीशी येऊन तेच म्हणाला होता, उलट्या अंगाने. झाड मेलं तरी चालेल, पण माझं ऐकायचं नाही. तिने दोघांचंही ऐकून घेतलं. ह्या खेपेला तिने कुणाला काही पोचवलं नाही. काटेही नाही आणि पदरचंही नाही. जेवणं व्हायची, भांडी घासली जायची.

शेवटी फळी सुटली. सुतार तिच्यासकट मागे कोलमडता कोलमडता राहिला. त्याने ती उलटी करून जमिनीवर ठेवली. आतलं डांबर तसंच तुळतुळीत होतं, लाकूड आत ठणठणीत. मातीचा कडा थोडा वेळ उभा राहिला, मग ढासळला आणि मागचं खोड उघडं झालं. सुताराने त्यावर हात ठेवला. साल त्याच्या हाताबरोबर निघून आली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. आतून कुबट वास आला. त्याने बोट दाबलं तर ते आत गेलं.

तो फळीकडे बघत राहिला, मग खोडाकडे, पुन्हा फळीकडे.

"फळ्यांना डांबर फासलं मी," तो म्हणाला. कुणालाच म्हणाला नव्हता. "फळ्यांना."

फावड्याचा आवाज थांबला. माळी झाडाला वळसा घालून आला. पायरीवरून तिने ते पाहिलं आणि तिचे हात थांबले. भाऊ नवऱ्यासमोर, दोन पावलांवर उभा होता. दोघांचेही केस केवढे पिकलेत, हे दोघांना एकत्र बघितल्यावर तिच्या लक्षात आलं.

"सांगून धाडलं होतं तुला," माळी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्याचा राग संपून बरेच दिवस झाले असावेत, मागे नुसता थकवा उरला होता. "हातभर सोड म्हटलं होतं. दुसरी भिंत घाल म्हटलं होतं. एवढं का रे वैर?"

"कधी सांगून धाडलंस?"

"हिच्याकडून. मुलीकडे गेलो त्या दिवशी."

सुताराने तिच्याकडे पाहिलं. मग भावानेही पाहिलं. ती पायऱ्या उतरून खाली आली. आपण खाली का उतरलो हे तिला कळलं नाही, पण वर उभं राहून हे बोलता आलं नसतं.

"त्यांना नाही सांगितलं मी," ती म्हणाली. "निरोप मी सांगितलाच नव्हता, दादा."

वर फांदीवर चढलेला माणूस खालच्याला दोर सैल सोड म्हणून ओरडला.

"ह्यांनी विचारलं, दादा काय म्हणाला. कधी नव्हे ते विचारलं. मी म्हटलं, चांगली झालीय म्हणाला." हातातलं चंचुपात्र तिने पेटीच्या काठावर ठेवलं. "भिंतीचं नंतर सांगणार होते. मग माती येऊन पडली. तू विचारलंस तेव्हाही खोटंच बोलले."

सुतार हळूच म्हणाला, "म्हणजे तो चांगली म्हणालाच नव्हता."

"नाही."

"आणि बाकांचं?"

तिने मान हलवली. त्याने पुढे विचारलं नाही. त्याला हिशेब लागत चालला होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तिला ते बघवत नव्हतं. भावाचा हिशेब मात्र दुसरीकडेच चालला होता. तो पेटीच्या उरलेल्या काठावर टेकला. कितीतरी दिवसांनी टेकला.

"माझं पोटाचं ऑपरेशन झालं," तो म्हणाला, "तेव्हा तू डबा घेऊन यायचीस. हे रोज तुझी विचारपूस करतात, म्हणायचीस. टाके दुखतात का, झोप लागते का. मी पडल्या पडल्या वाट बघायचो, आज काय विचारलं असेल म्हणून." त्याने बहिणीकडे पाहिलं. "तेही तूच का गं?"

तिला ते दिवस आठवले. नवरा संध्याकाळी घरी यायचा, हातपाय धुवायचा, जेवायचा. ती मुद्दाम दवाखान्याचा डबा त्याच्यासमोर घासायची, घासलेलाच पुन्हा घासायची. तो एका शब्दाने बोलला नव्हता. आता खरं सांगायला सुरुवात केलीच होती, तर तेही सांगून टाकायचं असं तिने मनाशी धरलं, आणि तिचे ओठ हलले.

"विचारायचो," सुतार म्हणाला.

तो दोघांकडेही बघत नव्हता. खाली बसून फळीवरचं डांबर नखाने खरवडत होता.

"रोज नाही," तो म्हणाला. "पण विचारायचो."

त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

माळी त्याच्याकडे बघत राहिला. त्याला पटलं की नाही हे तिला कळेना. तेवढ्यात वर करवत सुरू झाली. तिच्या आवाजाने सगळं आवार भरून गेलं आणि वाळका भुगा तिघांच्या डोक्यांवर पडायला लागला. माळी पुढे वाकून काहीतरी बोलला. तिला ऐकू आलं नाही. सुताराने ऐकलं असावं, कारण त्याने मान वर केली आणि तोही काहीतरी बोलला, थोडक्यात. माळ्याने पुन्हा काही विचारलं, सुताराने उत्तर दिलं. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. दोघांपैकी कुणीही तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

करवत थांबली तेव्हा दोघंही पुन्हा गप्प होते. काय बोलले ते तिने विचारलं नाही, आणि नंतरही कधी कुणी तिला ते सांगितलं नाही.